रेटिंग ए३२० चं, विमान एटीआर: एका नव्या पायलटचं प्रकरण

"काका, लेटर आलं. पण एटीआर दिलंय."

डिसेंबर २०२३ मधला हा फोन. ज्या नोकरीसाठी अख्ख्या घराने पाच वर्षं जीव टांगणीला लावला होता, ती लागल्याची बातमी ती मला सांगत होती आणि आवाज मात्र नापास झाल्यासारखा होता. तिचे वडील माझे शाळेतले मित्र, तासगाव तालुक्यातले द्राक्ष बागायतदार. मी आधी एटीआर, म्हणजे पंख्याचं छोटं प्रवासी विमान, आणि नंतर एअरबस उडवली, शेवटची काही वर्षं नव्या मुलांना ट्रेनिंग दिलं आणि निवृत्त झालो. त्यामुळे या घरातला विमानाबद्दलचा प्रत्येक प्रश्न माझ्या दारात येतो. हे प्रकरण तिच्या परवानगीने लिहितो आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. लिहायला बसलो कारण असे फोन आता वरचेवर येतात आणि बहुतेक घरांत तीच चूक त्याच क्रमाने झालेली असते.

लेटर येण्याआधी

बारावी सायन्स झाल्यावर तिने डीजीसीएचे, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाचे, पेपर दिले. नेव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी, रेग्युलेशन्स, टेक्निकल, प्रत्येकात पास व्हायला ७० टक्के लागतात. मेटिऑरॉलॉजीत एकदा राहिली, बाकी सरळ निघाले. क्लास वन मेडिकल झालं. गोंदियात डायमंड विमानांवर फ्लाइंग झालं. कमर्शियल लायसन्सला २०० तास लागतात, त्यातले १०० तास पायलट-इन-कमांड, म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःवर घेऊन. विदर्भाच्या उन्हाळ्यात पहाटे पाचला पहिली सॉर्टी, म्हणजे सरावाचं उड्डाण, आणि अकराच्या आत विमान हँगरमध्ये, असे दिवस काढून २०२२ च्या अखेरीस लायसन्स हातात आलं. तोपर्यंत पन्नास लाखांवर खर्च झाला होता. निम्मे साठवणीतले आणि एक प्लॉट विकून आलेले, निम्मे शैक्षणिक कर्जाचे.

इथपर्यंत सगळं बरोबर होतं. चूक यापुढची.

फ्लाइंग स्कूलमधल्या मुलांमध्ये एक समज पक्का बसलेला असतो: नुसतं लायसन्स असून कोणी विचारत नाही, 'टाइप रेटेड' असलं की नोकरी लागते. टाइप रेटिंग म्हणजे एका विशिष्ट विमानाची परवानगी, जी लायसन्सवर चढते. सेसनासारखं छोटं विमान उडवणारा एअरबसचं ए३२० जेट उडवू शकत नाही आणि ए३२० उडवणारा बोइंग ७३७ उडवू शकत नाही. प्रत्येकाचं ग्राउंड स्कूल वेगळं, सिम्युलेटर वेगळं, परीक्षा वेगळी. भारतात सगळ्यात जास्त विमानं ए३२० कुटुंबातली, तेव्हा ए३२० चं रेटिंग आधीच स्वतःच्या खर्चाने करून ठेवावं, असा हिशेब. तिनेही तो केला. वडिलांनी दोन एकर गहाण टाकून पंधरा लाख उचलले. हप्ता महिन्याला सव्वीस हजारांच्या घरात. मला विचारलं तेव्हा पैसे भरून झाले होते.

एप्रिल २०२३ मध्ये तिचं रेटिंग पूर्ण झालं. २ मे २०२३ रोजी गो फर्स्ट या एअरलाइनने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि ३ तारखेपासून कंपनीची विमानं थांबली. त्या कंपनीकडे होती ती सगळी ए३२० कुटुंबातलीच विमानं. म्हणजे ज्या रेटिंगवर हिने जमीन गहाण टाकली होती, तेच रेटिंग असलेले आणि वर त्या विमानावर हजारो तास झालेले पायलट एका रात्रीत नोकरी शोधायला बाहेर पडले. दोन-अडीच महिन्यांनी प्रॅट अँड व्हिटनीच्या इंजिनांच्या धातूतला दोष जाहीर झाला. जगभर नवीकोरी ए३२० निओ विमानं, इंजिनं तपासणीसाठी काढल्यामुळे, उभी राहिली. भारतात त्याची झळ जास्त बसली, कारण ही इंजिनं इथे भरपूर होती. उभ्या विमानाला पायलट लागत नाही.

यात तिचा दोष काहीच नव्हता. पण मुद्दा तोच आहे. कोणत्या विमानावर माणसं हवीत हे कारखान्यातून विमानं कधी निघतात, इंजिनं कुठे अडकतात, कुठली कंपनी बुडते यावर ठरतं. एकविसाव्या वर्षी, स्वतःच्या पैशाने, वर्षभर आधी त्यावर पैज लावणं म्हणजे पाऊस कधी पडेल हे ठरवून द्राक्षाची छाटणी घेण्यासारखं आहे, असं मी तिच्या वडिलांना म्हणालो. त्यांना ते बाकी कुणापेक्षाही चांगलं कळलं.

नाही म्हणायचं का?

लेटरमध्ये पद होतं ट्रेनी फर्स्ट ऑफिसर (शिकाऊ को-पायलट), ताफा एटीआर ७२-६००, बेस हैदराबाद. ट्रेनिंगचा खर्च कंपनीचा, त्याबदल्यात बाँड, म्हणजे ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार. रिलीज होईपर्यंत, म्हणजे ट्रेनिंग संपून नेहमीच्या ड्युटीवर लागेपर्यंत, पूर्ण पगार नाही, स्टायपेंड. आणि एक ओळ, जी अशा लेटरमध्ये बहुधा असतेच आणि मुलं वाचत नाहीत: कंपनीच्या गरजेनुसार ताफा आणि बेस बदलण्याचा अधिकार कंपनीकडे राहील.

तिने माझ्यासमोर तीन पर्याय मांडले. नकार देऊन ए३२० ची वाट पाहायची. एखाद्या स्कूलमध्ये असिस्टंट इन्स्ट्रक्टर होऊन तास वाढवायचे. किंवा एटीआर घ्यायचं.

"मैत्रिणी म्हणतात, एकदा पंख्याच्या विमानात गेलं की माणूस तिथेच अडकतो," ती म्हणाली.

हे अर्धं खरं आहे आणि ते तिच्यापासून लपवलं नाही. बहुतेक ठिकाणी एटीआरच्या फर्स्ट ऑफिसरचा पगार जेटपेक्षा कमी असतो. आखातातल्या कंपन्या जाहिरातीत जेटचे, तेही अमुक टनांवरच्या विमानाचे तास मागतात. एटीआर भरून २३ टनांचं, ए३२० त्याच्या तिपटीहून जास्त. पुढेमागे परदेशात जायचं असेल तर एटीआरचे तास तिथे कमी वजनाचे ठरतात. बाँड आहे, आणि राजीनामा दिला तरी डीजीसीएच्या २०१७ च्या नियमाप्रमाणे फर्स्ट ऑफिसरला सहा महिन्यांची नोटीस द्यावी लागते, कॅप्टनला वर्षाची. तेव्हा सही करताना 'बघू, नाही जमलं तर सोडू' हा विचार मनात ठेवू नये.

उरलेलं अर्धं मात्र मैत्रिणींना माहीत नव्हतं. कॅप्टन व्हायला लागणाऱ्या एअरलाइन ट्रान्सपोर्ट लायसन्सला १५०० तास लागतात आणि त्यात एटीआरचा तास हा पूर्ण तास धरला जातो. एटीआरचं उड्डाण तास-सव्वा तासाचं, दिवसाला चार, कधी पाच सेक्टर. दर सेक्टरला एक टेकऑफ, एक लँडिंग, एक वेगळं विमानतळ. लांब पल्ल्याच्या मोठ्या विमानावरचा नवा को-पायलट महिन्याकाठी दोन-तीनच लँडिंग करतो. हात तयार व्हायचा असेल तर पहिली दोन वर्षं एटीआरसारखी शाळा नाही, हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो. आणि रेटिंग घेऊन नुसतं बसलं तर तेही शिळं होतं. वर्ष उलटलं की पुन्हा रिफ्रेशर, पुन्हा सिम्युलेटर, पुन्हा चेक, आणि पुन्हा खिशातून पैसे.

मी तिला एकच गोष्ट निक्षून सांगितली: सीनिऑरिटी नंबर जॉइन झालेल्या दिवसापासून सुरू होतो. पुढे एटीआरवरून ए३२० वर जायची यादी लागेल ती त्या नंबराने लागेल. नकार देऊन घालवलेले आठ महिने पगारातून कधीतरी भरून निघतील, नंबरातून निघत नाहीत.

तिने रविवारी सही केली.

वर्ग आणि वाट पाहणं

जानेवारी २०२४ मध्ये बॅच सुरू झाली. पहिले काही आठवडे विमानाचं तोंडही दिसलं नाही. कंपनीची कार्यपद्धती, धोकादायक मालाचे नियम, सुरक्षा, प्रथमोपचार, क्रू रिसोर्स मॅनेजमेंट. आग विझवण्याचा सराव, पोहण्याच्या तलावात लाइफ जॅकेट घालून तराफ्यावर चढण्याचा सराव. मग विमानाचं टेक्निकल. वीज, हायड्रॉलिक, इंधन, पंखा, बर्फ साचू नये म्हणूनची व्यवस्था. त्यावर पुन्हा डीजीसीएचा पेपर.

एटीआरची एक गोष्ट तिला तिथे पहिल्यांदा आवडली. छोट्या विमानतळांवर बाहेरून वीज द्यायला गाडी असेलच असं नाही, आणि एटीआरला शेपटीत वेगळं छोटं इंजिनही नसतं. म्हणून उजव्या इंजिनाच्या पंख्याला ब्रेक लावून पंखा थांबवतात आणि इंजिन मात्र चालू ठेवतात. त्यावर वीज आणि हवा मिळते. प्रवासी मागच्या दाराने चढत असतात, पंखा स्तब्ध असतो आणि आत इंजिन गुणगुणत असतं. याला हॉटेल मोड म्हणतात. "काका, किती साधं आणि किती हुशार आहे हे," असा मेसेज रात्री अकराला आला. मला तेव्हा कळलं की ही आता रमली.

घरी भिंतीवर कॉकपिटचं खऱ्या मापाचं पोस्टर चिकटवलं होतं. त्यासमोर खुर्ची टाकून ती हात फिरवायची, कुठला स्विच कुठल्या क्रमाने. सुट्टीत तासगावला आली की आई चेकलिस्ट वाचायची. आईचं शिक्षण मराठी शाळेत दहावीपर्यंत. तरी पंधरा दिवसांत तिला 'बिफोर टेकऑफ' पाठ झाली होती आणि लेकीने एक ओळ गाळली की ती पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावायची.

ट्रेनिंगमधला निम्मा काळ मात्र थांबण्यात जातो. सिम्युलेटरचा स्लॉट नाही, ट्रेनर रजेवर, विमान मेंटेनन्सला, डीजीसीएच्या ई-जीसीए पोर्टलवर अर्ज पडून. तिला वर्गानंतर पाच आठवडे घरी बसावं लागलं. नव्या मुलांना कोणी हे आधी सांगत नाही आणि मग ती 'आपल्यालाच का थांबवलं' म्हणून झुरतात. काही कारण नसतं. रांग असते, एवढंच.

सिम्युलेटरमधला सहावा दिवस

या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हा.

दिल्लीजवळच्या केंद्रात सिम्युलेटरची सेशन्स होती. चार तासांचं एक सेशन, दोन तास स्वतः उडवायचं, दोन तास जोडीदाराला मदत करायची. वेळ मिळेल ती. तिला बऱ्याचदा रात्री एक ते पहाटे पाच मिळाली. आधी तासभर ब्रीफिंग, नंतर तासभर डीब्रीफिंग. प्रत्येक सेशनचा लेखी शेरा फाइलमध्ये जातो आणि ती फाइल तुमच्यासोबत सगळी नोकरीभर फिरते.

सहाव्या सेशनला साधंच काम होतं. रडारने दिलेल्या दिशेने खाली येऊन ३००० फुटांवर सरळ व्हायचं आणि अप्रोच, म्हणजे धावपट्टीकडे उतरणं, सुरू करायचा. ऑटोपायलट लावलेला होता. खाली येताना तिने पॉवर कमी केली, बरोबर. ३००० फुटांवर विमान स्वतः सरळ झालं, बरोबर. ती अप्रोचचा चार्ट बघू लागली. वेग १८० नॉटवरून १७०, १६०, १५०. जोडीदारही रेडिओत गुंतलेला. १४० च्या खाली गेला तेव्हा ट्रेनरने सिम्युलेटर गोठवलं आणि काही न बोलता बोट वेगाच्या पट्टीवर ठेवलं.

ए३२० मध्ये ऑटोथ्रस्ट असतो. लिव्हर एका खाचेत ठेवलेले असतात, सरळ झालं की इंजिनं आपणहून जोर लावतात. एटीआरमध्ये ते नाही. ऑटोपायलट उंची धरतो, वेग तुम्ही धरायचा, हात पॉवर लिव्हरवरून हलवायचा नाही. पंधरा लाख रुपये देऊन शिकलेली सवय इथे तिच्या आड आली. ट्रेनरने सेशन अपुरं लिहिलं आणि एक जादा सेशन दिलं.

त्या पहाटे तिचा फोन आला तेव्हा ती रडत होती. जादा सेशन म्हणजे कलंक असं तिला वाटलं. तसं नसतं, हे मी ट्रेनरच्या खुर्चीत बसलेला माणूस म्हणून सांगतो. जादा सेशन घेऊन सुधारलेल्या मुलाची फाइल वाचून कोणी नाक मुरडत नाही. तीच चूक दुसऱ्यांदा झाली की ट्रेनिंग विभागाची बैठक बसते, आणि तिसऱ्यांदा झाली तर मात्र नोकरीवर येऊ शकतं. मी तिला विचारलं, "चूक काय झाली ते एका वाक्यात सांग." ती म्हणाली, "हात काढला." एवढं कळलं होतं तर मला काळजी नव्हती.

जादा सेशनमध्ये ट्रेनरने मुद्दाम इंजिन फेल्युअर दिलं. टेकऑफनंतर लगेच, डावं इंजिन. एटीआरमध्ये मेलेल्या इंजिनाचा पंखा आपोआप फेदर होतो, म्हणजे हवेचा अडथळा कमी व्हावा म्हणून त्याची पाती वाऱ्याच्या दिशेने वळतात, जिवंत इंजिनाची पॉवर आपोआप वाढते, पण नाक ओढ खातं आणि ते पायाने सरळ धरावं लागतं. ज्या पायाला काम नाही, ते इंजिन गेलं, ही जुनी खूण. मग लिव्हर. इथे घाई करायची नसते. एकाने लिव्हरला हात लावायचा, नाव घ्यायचं, दुसऱ्याने बघून 'कन्फर्म' म्हणायचं, त्यानंतरच हलवायचा.

हा शब्द मी मुलांकडून शंभर वेळा म्हणून घ्यायचो, त्याला कारण आहे. ४ फेब्रुवारी २०१५ रोजी तैपेईत ट्रान्सएशियाच्या एटीआर ७२ चं एक इंजिन टेकऑफनंतर गेलं आणि कॅप्टनने चांगलं इंजिन बंद केलं. ४३ जण गेले. १५ जानेवारी २०२३ रोजी पोखऱ्यात येती एअरलाइन्सच्या एटीआरवर, लँडिंगच्या तोंडाशी, फ्लॅपच्या लिव्हरऐवजी पंख्यांचे दोन्ही कंडिशन लिव्हर मागे ओढले गेले, दोन्ही पंखे फेदर झाले आणि विमानाचा जोर गेला. विमानातले ७२ च्या ७२ जण गेले. त्या कॉकपिटमधला तो हात शिकाऊ पायलटचा नव्हता, शिकवणाऱ्या कॅप्टनचा होता. त्या अपघाताच्या अहवालानंतर मी स्वतःच्या हातांकडेही वेगळ्या नजरेने बघू लागलो.

तिने त्या रात्री लिव्हरवर हात ठेवला आणि जोडीदाराचा 'कन्फर्म' येईपर्यंत थांबली. जोडीदार गोंधळला होता, चार-पाच सेकंद गेले. ती हलली नाही. ट्रेनरने शेऱ्यात नेमकं तेच लिहिलं. ए३२० च्या रेटिंगमधून दोन माणसांनी मिळून काम करायची जी शिस्त तिच्यात मुरली होती, तिचा उपयोग इथे झाला. पंधरा लाखांचा तेवढा भाग वाया गेला नाही असं मी धरतो. पण ती शिस्त एटीआरच्या रेटिंगमध्येही मिळालीच असती, तीही कंपनीच्या खर्चाने.

लाइनवर

सिम्युलेटरची परीक्षा झाल्यावर प्रवाशांविना खऱ्या विमानावर टेकऑफ-लँडिंगचे फेरे झाले, मग लायसन्सवर एन्डॉर्समेंट, म्हणजे एटीआरची नोंद. ऑगस्ट २०२४ पासून सुपरवाइज्ड लाइन फ्लाइंग. म्हणजे मागे प्रवासी बसलेले, डावीकडे ट्रेनिंग कॅप्टन, आणि पहिल्या काही सेक्टरना मागच्या जंप सीटवर सेफ्टी पायलट.

पावसाळ्यात सुरुवात झाल्याचं तिला वाईट वाटलं, कारण हवामान बिघडलं की लँडिंग कॅप्टननेच करायचं असा कंपनीचा नियम. पहिल्या दीड महिन्यात तिच्या वाट्याला बोटांवर मोजण्याइतकी लँडिंग आली. मला मात्र बरं वाटलं. कोल्हापूरला ढग खाली आलेले, पाऊस आडवा, धावपट्टी दिसेल न दिसेल, अशा वेळी कॅप्टन कुठल्या क्षणी 'गो अराउंड' म्हणतो, म्हणजे न उतरता विमान पुन्हा वर घेतो, एकदा फिरून आल्यावर दुसऱ्यांदा प्रयत्न करतो की सरळ हैदराबादला परततो, हे उजव्या खुर्चीतून बघायला मिळणं ही मोठी शिकवणी आहे. एका सप्टेंबरच्या दुपारी ते असेच कोल्हापूरवरून परतले. खाली टर्मिनलमध्ये तिचे वडील लेकीला पाच मिनिटं भेटायला म्हणून तासगावहून येऊन उभे होते. विमान ढगात आवाज देऊन निघून गेलं. रात्री मला फोन करून ते म्हणाले, "अरे, उतरली नाही ते बरंच केलं ना रे?" बरंच केलं, म्हटलं.

डिसेंबरमध्ये रिलीज चेक झाला. लेटर आल्यापासून मोजलं तर एक वर्ष. पूर्ण पगार जानेवारी २०२५ पासून.

आज

सप्टेंबर २०२५ अखेर तिच्या लॉगबुकात एटीआरचे सातशेच्या आसपास तास आहेत. एटीआरला आपल्याकडे आता कामही वाढलं आहे. गोव्यातल्या मोपाहून फ्लाय९१ ही एअरलाइन मार्च २०२४ पासून फक्त एटीआरच उडवते, जळगाव-सिंधुदुर्गसारख्या ठिकाणी. कॅप्टनपदासाठी तिला अजून दोन वर्षं तरी आहेत. दर सहा महिन्यांनी सिम्युलेटर चेक होतो, दोन्ही चांगले गेले.

कंपनीने ऑगस्टमध्ये एटीआरवरून ए३२० वर जाऊ इच्छिणाऱ्यांची नावं मागवली. तिने नाव दिलं. यादीत तिच्या वर चाळीसेक जण आहेत, खाली तिच्याच बॅचचे आणि नंतर आलेले. ज्या मैत्रिणीने २०२३ मध्ये एटीआर नाकारलं होतं, ती यंदा मे महिन्यात त्याच कंपनीत लागली. तिलाही एटीआरच मिळालं आहे आणि ती यादीत बरीच खाली आहे. दोघी हैदराबादला एकाच फ्लॅटमध्ये राहतात.

तिचा नंबर लागला की ए३२० चं ग्राउंड स्कूल, सिम्युलेटर, बेस ट्रेनिंग, लाइन ट्रेनिंग असं सगळं पुन्हा होईल, कंपनीच्या खर्चाने, नव्या बाँडवर. २०२३ च्या रेटिंगमुळे त्यातलं फार काही माफ होईल असं तिच्या ट्रेनिंग विभागाने सांगितलेलं नाही. दोन एकरांवरचा बोजा उतरायला अजून चार वर्षं आहेत. हप्ता आता वडिलांच्या खात्यातून जात नाही, तिच्या जातो.

मागच्या आठवड्यात वडिलांचा पुन्हा फोन होता. त्यांच्या भावाचा मुलगा गोंदियालाच आहे, १४० तास झालेत, आणि ए३२० च्या रेटिंगसाठी पैसे भरायची शेवटची तारीख महिनाअखेर असल्याचं त्याला कोणीतरी सांगितलंय. मी त्याला शनिवारी पुण्याला बोलावलं आहे. येताना फी-पावती नव्हे, तर चुलत बहिणीचं २०२३ चं लेटर घेऊन ये, असं सांगितलंय.